एकाच थंड हवेनं इकडे बर्फ, तिकडे वणवा

५ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पारा १०१ अंश फॅरनहाइटवर गेला, म्हणजे आपल्या मोजणीत ३८ अंशांच्या थोडा वर. सप्टेंबर महिन्यातला तो तिथला उच्चांक. ७ तारखेलाही तापमान ३४च्या आसपास होतं आणि रॉकी पर्वतात पेटलेल्या कॅमेरॉन पीक वणव्याच्या धुरानं आकाश झाकोळलं होतं. ८ तारखेला त्याच शहरात बर्फ पडला.

नेमक्या त्याच ७ आणि ८ तारखेला, तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर वायव्येला, ओरेगॉन राज्यात वणव्यांनी थैमान घातलं. दहा लाख एकरांहून जास्त जमीन आणि चार हजारांहून जास्त घरं त्या महिन्यात जळाली. डेट्रॉइट, गेट्स, ब्लू रिव्हर ही डोंगरातली गावं गेली. दक्षिणेला टॅलंट आणि फिनिक्स या शेजारच्या गावांत घरांच्या रांगाच्या रांगा राख झाल्या. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात मॉल्डन नावाच्या छोट्या गावातल्या बहुतेक इमारती एका दुपारी संपल्या. ९ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत भर दिवसा आकाश नारिंगी झालं आणि गाड्यांना दिवे लावावे लागले.

या दोन बातम्या आपण वेगवेगळ्या वाचतो. एक थंडीची, एक आगीची. प्रत्यक्षात दोन्ही एकाच घटनेची टोकं आहेत. कॅनडातून उतरलेल्या ज्या थंड हवेनं कोलोरॅडोत बर्फ पाडला, तिनंच ओरेगॉनमधल्या आगींना वारा दिला. हे कसं होतं ते समजलं की अमेरिकेच्या पश्चिम भागातला शरद ऋतू इतका धोकादायक का असतो तेही कळतं. तिथे आपली माणसं राहतात, म्हणून हे समजून घेण्याची निकड मला जास्त वाटते.

थंडी इतक्या लवकर पोहोचते कशी

आपल्याकडे उत्तरेला हिमालय आडवा उभा आहे. सायबेरियातली जड, थंड हवा तिथे अडते. म्हणून मुंबईत किमान तापमान १५ अंशांवर आलं तरी वर्तमानपत्रात बातमी होते. अमेरिकेत अशी आडवी भिंतच नाही. रॉकी पर्वत आणि ॲपलेशियन पर्वत दोन्ही उत्तर-दक्षिण पसरलेले आहेत. मधली मैदानं कॅनडापासून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत मोकळी आहेत. उत्तर ध्रुवाकडून निघालेली थंड हवा दोन-तीन दिवसांत टेक्सासपर्यंत पोहोचू शकते.

त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस. उत्तरेला कॅनडात रात्री झपाट्यानं मोठ्या होतात आणि जमीन गार पडू लागते. दक्षिणेला मात्र उन्हाळा अजून हटलेला नसतो. उत्तर आणि दक्षिण यांच्या तापमानातला फरक वाढला की आठ-दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा वेगवान पट्टा, म्हणजे जेट स्ट्रीम, जोर धरतो. हा पट्टा सरळ वाहत नाही, त्याला नदीसारखी वळणं असतात. वळण उत्तरेकडे फुगलं की त्याखाली उष्ण हवा साठते. दक्षिणेकडे झुकलं की त्याच्या पोटात थंड हवा खाली उतरते.

सप्टेंबर २०२० मध्ये ही वळणं फार मोठी झाली होती. पश्चिम किनाऱ्यावर वळण उत्तरेकडे फुगलेलं. ६ सप्टेंबरला लॉस एंजेलिस परगण्यात वुडलँड हिल्स इथे १२१ फॅरनहाइट, म्हणजे ४९ अंशांहून जास्त तापमान नोंदलं गेलं. रॉकीच्या बाजूला तेच वळण खाली कोसळलेलं. त्याच सुमारास, दोन आठवड्यांच्या आत, कोरियाच्या दिशेनं बावी, मायसाक आणि हायशेन अशी तीन चक्रीवादळं एकामागून एक गेली. त्यांनी जेट स्ट्रीमला धक्का देऊन ही वळणं आणखी खोल केली, असं काही संशोधकांनी नंतर दाखवून दिलं. आशियातल्या वादळाचा अमेरिकेतल्या आगीशी संबंध असू शकतो ही गोष्ट पहिल्यांदा वाचताना पटत नाही, पण वातावरण एकच आहे आणि त्याला देशांच्या सीमा माहीत नाहीत.

लवकर आलेल्या बर्फाचं नुकसान वेगळं असतं

वणव्यांकडे वळण्याआधी बर्फाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अवेळी बर्फाची हानी जानेवारीतल्या बर्फापेक्षा वेगळी असते. ऑक्टोबरमध्ये झाडांवर पानं असतात. बर्फ पानांवर साचतो, आणि शून्याच्या आसपास पडणारा हा बर्फ पाण्यानं जड असतो. फांद्या मोडतात आणि विजेच्या तारांवर पडतात. १२ आणि १३ ऑक्टोबर २००६ला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरावर जवळजवळ दोन फूट बर्फ पडला. ईरी सरोवराचं पाणी अजून उबदार होतं आणि त्यावरून थंड हवा वाहिली, म्हणून सरोवराची वाफ शहरावर बर्फ होऊन कोसळली. लाखो लोक अंधारात गेले. २०११च्या ऑक्टोबरअखेर ईशान्येकडच्या राज्यांत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं.

मला त्याहून जास्त लागतं ते २०१३ सालचं साउथ डकोटा. ३ ते ५ ऑक्टोबर. गुरं अजून उन्हाळी कुरणांवर होती आणि त्यांच्या अंगावर हिवाळी केस आलेले नव्हते. आधी पाऊस पडला, गुरं चिंब भिजली. मग वारा सुटला आणि बर्फ सुरू झाला. हजारो गुरं मेली. काही वाऱ्याला पाठ करून चालत चालत कुंपणाशी अडकली, काही नाल्यांत पडली. याच गुरांनी कडाक्याचा जानेवारी सहज काढला असता. जीव घेतला तो थंडीच्या वेळेनं. झाडाचं तसंच, जनावराचं तसंच, आणि पुढे दिसेल की गवताचंही तसंच.

घाटाखाली उतरणारी हवा

आता मुख्य गोष्ट. थंड हवा जड असते, म्हणून ती जिथे साचते तिथे हवेचा दाब वाढतो. कोलोरॅडोत बर्फ पाडून ही हवा रॉकी पर्वताच्या आसपास आणि ग्रेट बेसिनमध्ये बसली, की तिथे जास्त दाबाचं क्षेत्र तयार होतं. ग्रेट बेसिन म्हणजे नेव्हाडा आणि युटा या राज्यांतलं उंच, कोरडं पठार. त्याच वेळी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, तापलेल्या जमिनीमुळे, कमी दाब असतो. कमी दाबाचा पट्टा म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो. इथे पाऊस नाही, पण नियम तोच: हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते.

एरवी या किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येतो, गार आणि ओलसर. आता तो उलटतो. पूर्वेकडून, पठारावरून, डोंगर ओलांडून समुद्राकडे वाहू लागतो. ओरेगॉनमध्ये तो कॅस्केड पर्वत उतरतो. उत्तर कॅलिफोर्नियात त्याला डियाब्लो वारे म्हणतात, दक्षिणेत सांता आना. लॉस एंजेलिसच्या बाजूला काहोनसारख्या खिंडींतून हवा आवळली जाते आणि तिचा वेग आणखी वाढतो.

थंड ठिकाणाहून निघालेली ही हवा खाली पोहोचेपर्यंत थंड राहत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, कारण दाबलेली हवा तापते. डोंगर उतरणारी हवाही तशीच दाबली जाते, कारण खाली वातावरणाचा दाब जास्त असतो. दर किलोमीटर उतारामागे ती जवळजवळ १० अंशांनी तापते. समजा दीड हजार मीटर उंचीच्या पठारावर हवा शून्य अंशाला आहे आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे. हीच हवा समुद्रसपाटीला आली की तिचं तापमान १५ अंश होतं. तिच्यातली वाफ तेवढीच आहे, पण गरम हवेला जास्त वाफ धरता येते, म्हणून आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास घसरते. पठारावरची हवा मुळातच जास्त कोरडी असेल तर आकडा १० टक्क्यांखाली जातो. सह्याद्री ओलांडून माण-खटावकडे उतरणारा पावसाळी वारा कोरडा होतो त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे. फक्त आपल्या वाऱ्यानं आधी घाटमाथ्यावर भरपूर पाऊस सांडलेला असतो, आणि ग्रेट बेसिनवरच्या हवेत सांडायला काही नसतंच.

यातून एक गोष्ट निघते, जी बातम्यांत फारशी सांगितली जात नाही. वणव्याचं हवामान म्हणजे उकाडा नव्हे. १५-२० अंशांच्या सुखद दिवसातही डोंगर पेटू शकतो, जर हवा कोरडी असेल, वारा जोरात असेल आणि गवत वाळलेलं असेल. बाहेर छान वाटतंय म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि हाच सगळ्यांत मोठा गैरसमज आहे.

२०१९चा ऑक्टोबर हे या सगळ्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात थंड हवेच्या लाटा लागोपाठ ग्रेट बेसिनवर उतरल्या. ३० ऑक्टोबरच्या पहाटे युटामधल्या पीटर सिंक्स या ठिकाणी तापमान उणे ४० अंशांच्याही खाली गेलं. पीटर सिंक्स म्हणजे सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरचा एक खोलगट भाग, ज्यातून हवेला बाहेर पडायला वाट नाही. रात्री आजूबाजूच्या उतारांवरची थंड हवा त्यात ओघळून साचते. तळाशी इतकी थंडी असते की झाडं उतारावर वाढतात, पण तळाला वाढत नाहीत. आणि त्याच दिवसासाठी, त्याच थंड हवेच्या ढिगाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसच्या हवामान कार्यालयानं वणव्याच्या धोक्याचा ‘अतितीव्र रेड फ्लॅग’ असा इशारा पहिल्यांदाच दिला होता. सिमी व्हॅलीत माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या स्मृतिग्रंथालयाच्या टेकडीला आगीनं वेढलं. उत्तरेला सोनोमा परगण्यात किनकेड वणवा आठवडाभर धुमसत होता. तिथल्या डोंगरमाथ्यांवर २७ तारखेला ताशी १५० किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत नोंदले गेले आणि जवळजवळ दोन लाख लोकांना घरं सोडावी लागली.

त्या २७ तारखेला लक्ष्मीपूजन होतं. तारा तुटून ठिणग्या पडू नयेत म्हणून पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीनं उत्तर कॅलिफोर्नियातल्या नऊ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज मुद्दाम बंद ठेवली होती, आणि सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या टेकड्यांवरच्या वस्त्याही त्यात होत्या. दिवाळी आणि डियाब्लो वाऱ्यांचा हंगाम एकाच वेळी येतो. तिथल्या मराठी घरांना हे आता चांगलंच माहीत आहे.

वीज बंद करण्यावर तेव्हा लोक फार चिडले. ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न अगदी खरा होता. पण आधीच्या वर्षी काय घडलं होतं तेही विसरता येत नाही. ८ नोव्हेंबर २०१८ला सकाळी याच कंपनीच्या जुन्या वाहिनीवरून ठिणगी पडली आणि उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव काही तासांत नष्ट झालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती गेल्या. कंपनीनं पुढे न्यायालयात मनुष्यवधाचे ८४ गुन्हे कबूल केले. माझ्या मते वीज बंद करणं हा तात्पुरता उपायच आहे. खरं काम तारा जमिनीखाली नेण्याचं आणि त्यांच्याभोवतीची झाडी राखण्याचं आहे, आणि ते फार संथ चाललं आहे.

शर्यत पावसाची आणि वाऱ्याची

पॅराडाइज नोव्हेंबरमध्ये का जळलं? वारा तर तिथे दरवर्षी सुटतो. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. मे ते सप्टेंबर जवळजवळ कोरडेच जातात, म्हणून गवत, झुडपं आणि पडलेली लाकडं सर्वांत जास्त वाळलेली असतात ती शरद ऋतूत. ऑक्टोबरमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की धोका उतरतो. पाऊस लांबला आणि वारे आधी आले तर गाठ पडते. २०१८मध्ये नोव्हेंबर उजाडला तरी पॅराडाइजला दखल घेण्याजोगा पाऊस झाला नव्हता. २१ नोव्हेंबरला पाऊस आला आणि चार दिवसांत वणवा पूर्ण आटोक्यात आला. दोन आठवड्यांचा उशीर, एवढाच काय तो फरक.

जळाऊ वस्तू किती वेळात वाळते हे तिच्या जाडीवर ठरतं. वणव्यांचा अभ्यास करणारे लोक सगळं जळण तासांत मोजतात: एका तासाचं, दहा तासांचं, शंभर तासांचं, हजार तासांचं. गवत आणि काटक्या एका तासाच्या वर्गात येतात. सकाळच्या पावसानं भिजलेलं गवत कोरड्या वाऱ्यात दुपारी पेटू शकतं. तीन इंचांहून जाड ओंडके हजार तासांच्या वर्गात येतात. ते वाळायला आठवडे लागतात आणि एकदा वाळले की एका पावसानं भिजतही नाहीत. मैदानी भागात तर थंडीच गवत तयार करते: पहिलं कडक हिव पडलं की हिरवं गवत मरतं, पिवळं पडतं आणि मग त्यातून फक्त वारा जायची वाट असते.

म्हणूनच बर्फानं वणवा विझतो हा समज अर्धाच खरा आहे. सप्टेंबर २०२०मध्ये कॅमेरॉन पीक वणव्यावर ठिकठिकाणी फूटभर बर्फ पडला. आग मंदावली, लोकांना हायसं वाटलं. पण बर्फाखाली ओंडके धुमसत राहिले. सप्टेंबरचं ऊन कडक असतं, त्यानं बर्फ काही दिवसांत वितळला, कोरडे वारे परतले, आणि ऑक्टोबरच्या मध्याला तोच वणवा पुन्हा उसळला. शेवटी तो २ लाख ८ हजार एकरांपर्यंत पोहोचून कोलोरॅडोच्या इतिहासातला सर्वांत मोठा ठरला. २१ ऑक्टोबरला शेजारच्या ईस्ट ट्रबलसम वणव्यानं तर एका दिवसात एक लाखाहून जास्त एकर गिळले आणि रॉकी पर्वताचा मुख्य कणा, जिथे झाडंही नाहीत तो उघडा खडकाळ माथा, ठिणग्यांच्या जोरावर ओलांडला. तीन-चार दिवसांनी पडलेल्या मोठ्या बर्फानं त्याला रोखलं. तो बर्फ ऑक्टोबरअखेरचा होता, सूर्य कलला होता, आणि म्हणून तो टिकला.

बर्फ एक दिवस उशिरा आला तर काय होतं हे कोलोरॅडोतल्याच बोल्डर परगण्यानं ३० डिसेंबर २०२१ला पाहिलं. २०२१चा वसंत ओला गेला, गवत उंच वाढलं. मग सहा महिने कोरडे गेले. डेन्व्हरला मोसमातला पहिला बर्फ १० डिसेंबरला पडला, इतका उशीर तिथे आधी कधी नोंदला गेला नव्हता. ३० तारखेला रॉकीवरून पश्चिमेचे वारे ताशी १६० किलोमीटरच्या झोतांनी खाली कोसळले आणि सुपीरिअर आणि लुइसव्हिल या भरवस्तीच्या गावांत काही तासांत हजाराहून जास्त घरं जळाली. दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला. जळकी जोती पांढरी झाली.

वाऱ्याची दिशा बदलते ती घटका

थंड हवा ज्या रेषेनं पुढे सरकते तिला शीत आघाडी म्हणतात. तिच्यासोबत पाऊस आला तर आग विझायला मदत होते. पश्चिम अमेरिकेत ती पुष्कळदा कोरडीच येते, आणि आग विझवणाऱ्या माणसांसाठी याहून वाईट काही नाही. आघाडी येण्याआधी वारा नैऋत्येचा असतो, आणि आग लांबट पट्ट्यासारखी ईशान्येकडे पसरते. आघाडी गेली की वारा काही मिनिटांत वायव्येचा किंवा उत्तरेचा होतो. मग त्या लांबट पट्ट्याची आतापर्यंत शांत असलेली अख्खी बाजूच आगीचं तोंड बनते. ६ जुलै १९९४ला कोलोरॅडोत स्टॉर्म किंग पर्वतावर अशीच कोरडी आघाडी दुपारी पोहोचली. ज्वाळा उतारावर धावल्या आणि १४ अग्निशामकांचा बळी गेला. आघाडी येणार हा अंदाज हवामान खात्याकडे होता. तो डोंगरावरच्या माणसांपर्यंत पोहोचला नाही. त्या मृत्यूंनंतर अमेरिकेत वणव्याच्या हवामानाचे अंदाज तुकड्यांपर्यंत पोहोचवण्याची शिस्त कडक झाली.

तापमानवाढ होतेय तर मग ही थंडी कशी, हा प्रश्न दर ऑक्टोबरला कुणीतरी विचारतंच. एका आठवड्याची थंडी तापमानवाढ खोटी ठरवत नाही, आणि वाऱ्यांचा जोर तापमानवाढीमुळे वाढलाय असंही ठामपणे म्हणता येत नाही. बदललं आहे ते जळण. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की कॅलिफोर्नियातला शरद ऋतू १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे एका अंशानं तापला, पाऊस सुमारे ३० टक्क्यांनी घटला आणि वणव्याला अतिशय पोषक अशा दिवसांची संख्या दुपटीहून जास्त झाली. वारे पूर्वीही यायचे. आता त्यांना वाळलेलं रान जास्त वेळा सापडतं.

तुमचं कुणी तिकडे राहत असेल तर सप्टेंबर ते डिसेंबर तीन गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगा. शेवटचा भिजवणारा पाऊस कधी झाला. पुढच्या दोन-तीन दिवसांत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणार आहे का. आणि नेव्हाडा, युटा, कोलोरॅडोत थंडीची लाट किंवा बर्फ येतोय का, कारण तिथली थंडी एक-दोन दिवसांत कॅलिफोर्नियात कोरडा वारा होऊन पोहोचू शकते. नॅशनल वेदर सर्व्हिस आधी ‘फायर वेदर वॉच’ देते आणि धोका नक्की झाला की ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’. निकष प्रत्येक भागाचे वेगळे असतात. ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आठ दिवस पुढपर्यंतचे वणव्याचे नकाशे काढतं. लाल इशारा आला की गाडीत इंधन भरलेलं, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे. पॅराडाइजमध्ये गावातून बाहेर पडायचे रस्ते मोजकेच होते आणि ते तासाभरात तुंबले, तेव्हा घरातून निघायला सूचनेची वाट पाहू नये.